म्या तं आधीच सांगतलं होतं

इंडियन प्रीमियर लीगच्या संघांनी लिलावात कोणाला घ्यायला हवे होते, कोणाला सोडायला नको होते आणि कोणाच्या बदल्यात कोणाला आणणे हा निव्वळ वेडेपणा होता, हे लिलाव आटोपल्यावर ठामपणे सांगणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. तिला पदवी लागत नाही, भांडवल लागत नाही आणि वयाची अट नाही. ती सहसा चुकतही नाही, कारण तिचे निर्णय निकालानंतर जाहीर होतात. या विद्येचे वर्षात दोन हंगाम असतात. पहिला नोव्हेंबर-डिसेंबरात, खेळाडूंची विक्री आणि अदलाबदल चालते तेव्हा. दुसरा मार्च ते मे, म्हणजे पहिल्या हंगामात जे बोलले गेले ते विसरून नवे बोलण्याचा.

विद्येचा भारतातला जन्म २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत झाला. त्या दिवशी पहिला लिलाव झाला आणि महेंद्रसिंह धोनीला चेन्नईने १५ लाख डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या सुमारे सहा कोटी रुपयांना घेतले. तोपर्यंत क्रिकेटवरची टीका फुकट होती. फलंदाज बाद झाला, तर तो का बाद झाला एवढाच प्रश्न असे. लिलावानंतर प्रश्नाला किंमत आली: इतके पैसे घेऊन तो का बाद झाला? भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत प्रत्येकाला खेळाडूच्या धावांइतकाच त्याचा भाव पाठ होऊ लागला. सचिन, सेहवाग, द्रविड, गांगुली आणि युवराज यांना त्यांच्या त्यांच्या शहरांनी 'आयकॉन' म्हणून आधीच राखून ठेवले होते, म्हणून ते तेवढ्यापुरते बोलीतून सुटले. चर्चेतून सुटले नाहीत.

मूळ घराणे अमेरिकेतले आहे. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये लिलाव नसतो. महाविद्यालयांतून आलेले खेळाडू संघ पाळीपाळीने निवडतात आणि आदल्या वर्षी सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिली पाळी मिळते. ही पद्धत १९३६ मध्ये सुरू झाली. अगदी पहिल्या पाळीला फिलाडेल्फियाने जे बर्वांगर नावाचा खेळाडू निवडला. पगाराचे जमेना म्हणून त्याचे हक्क शिकागोला देऊन टाकले. शिकागोशीही त्याचे जमले नाही. बर्वांगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. म्हणजे जगातली पहिली निवडही फसली आणि त्या निवडीवरचा पहिला सौदाही फसला. पुढे २००० साली टॉम ब्रेडी याला संघांनी १९८ खेळाडू निवडून होईपर्यंत बसवून ठेवले. १९९वा म्हणून आलेला हा गडी पुढे सात वेळा अजिंक्यपद जिंकला. ब्रेडी मोठा होणार हे आपल्याला आधीच दिसले होते, असे सांगणारे अमेरिकन आज कोट्यवधी निघतील. तेव्हा संघांच्या कचेरीत त्यांच्यापैकी कोणीच नव्हता, हे दुर्दैव.

महाराष्ट्रात ही विद्या सर्वत्र आहे, पण अभ्यासासाठी चंद्रपूर जिल्ह्यातले वरोरा सोयीचे पडते. बाहेरच्या लोकांना हे गाव बाबा आमट्यांच्या आनंदवनामुळे माहीत असते. जवळपास कोळशाच्या खाणी आहेत, शिवारात कापूस आणि सोयाबीन आहे, आणि नागपूर-चंद्रपूर रस्ता गावाला लागून जातो. रत्नमाला चौकापासून आनंदवन चौकापर्यंत चहाच्या आणि पानाच्या टपऱ्यांना तोटा नाही. मुख्य म्हणजे इथला टीकाकार तटस्थ आहे, कारण त्याचा स्वतःचा संघ नाही. विदर्भाने रणजी करंडक २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा जिंकला, तरी आयपीएलमध्ये नागपूरचा संघ नाही. २०१० मध्ये तेलंगणातल्या आंदोलनामुळे हैदराबादचा डेक्कन चार्जर्स संघ नागपूरच्या जामठा मैदानावर पाहुणा म्हणून आला आणि परत गेला. २०१६ मध्ये नागपूरला ठरलेले पंजाबचे सामने दुष्काळामुळे उच्च न्यायालयाच्या आदेशाने राज्याबाहेर गेले. पाण्यासाठी सामने गेले आणि नंतर पाणीही आले नाही, अशी तक्रार तेव्हापासून नोंदलेली आहे.

संघ नसल्यामुळे निष्ठा मोकळी राहते. राज्य म्हणून मुंबई जवळची, पण ती आठ-नऊशे किलोमीटरवर. धोनीमुळे चेन्नईचा मोठा गट आहे आणि त्याला भूगोलाचाही आधार मिळतो, कारण वरोऱ्याचे रेल्वे स्टेशन दिल्ली-चेन्नई मार्गावर आहे. तामिळनाडू एक्स्प्रेस इथे न थांबता जाते, हा भाग वेगळा. कोहलीमुळे बंगळुरूचा तरुण गट आहे. २०२४ पर्यंत सतरा वर्षे हरण्याची सवय झाल्याने तो सर्वांत चिवट आणि वादात सर्वांत तरबेज झाला. मुंबईचा गट संख्येने मोठा, पण जेव्हापासून मुंबईने कप्तान बदलला तेव्हापासून तो स्वतःशीच भांडतो.

टीकाकाराला ऐकण्याआधी लिलावाचे नियम माहीत असलेले बरे, कारण टीकाकार ते सांगत नाही. २०२५ च्या हंगामासाठीच्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाच्या थैलीत १२० कोटी होते. जुने खेळाडू राखले तर त्यांचे पैसे त्यातूनच कापले जात. संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यांत परदेशी आठ. सर्वांत कमी मूळ किंमत ३० लाख. शिवाय 'राइट टू मॅच', म्हणजे आरटीएम नावाचे कार्ड: आपला जुना खेळाडू दुसऱ्याने बोली जिंकून नेला, तर त्याच किमतीला तो परत मागता येतो. मात्र या वेळी बोली जिंकणाऱ्याला किंमत एकदा वाढवण्याची अखेरची संधी दिली होती. मुंबईने बुमराह १८ कोटी, हार्दिक आणि सूर्यकुमार प्रत्येकी १६ कोटी ३५ लाख, रोहित १६ कोटी ३० लाख आणि तिलक वर्मा ८ कोटी असे पाच जण राखले. हे झाले ७५ कोटी. उरले ४५.

आता टीकाकाराची यादी पाहावी. त्याच्या मते मुंबईने पंत घ्यायला हवा होता (२७ कोटीला गेला), बटलर घ्यायला हवा होता (१५ कोटी ७५ लाख), चहल तर घ्यायलाच हवा होता (१८ कोटी) आणि ईशान किशनला सोडणे हे पाप होते (११ कोटी २५ लाख). बेरीज ७२ कोटी होते. थैलीत ४५ आहेत आणि संघाला आणखी डझनभर माणसे लागणार आहेत, हे कोणी दाखवून दिले, तर टीकाकार क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "पैसा कायचा कमी आहे बे अंबानीले?" इथे नियमांचा विषय संपतो.

ज्या दिवशी हे सारे घडले तो दिवसही नोंदण्यासारखा आहे. महाराष्ट्र विधानसभेचे निकाल २३ नोव्हेंबर २०२४ रोजी लागले आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी दुपारी साडेतीनला सौदी अरेबियातल्या जेद्दा शहरात लिलाव सुरू झाला. त्यामुळे वरोऱ्याच्या टपऱ्यांवर तज्ज्ञ बदलावे लागले नाहीत. शनिवारी रात्रीपर्यंत अमुक पक्षाने तमुकाला तिकीट द्यायला नको होते, असे जे सांगत होते, त्यांनीच रविवारी दुपारी पंजाबने श्रेयस अय्यरवर २६ कोटी ७५ लाख घालायला नको होते, असे सांगितले. वाक्यरचनाही तीच राहिली. नावे आणि रक्कम तेवढी बदलली.

ऋषभ पंतची बोली हा या विद्येचा नमुना म्हणून जवळून पाहण्यासारखा प्रसंग आहे. पानटपरीवर मोबाइल सुपारीच्या बरणीला टेकवून उभा केलेला असतो. टपरीवाला जाड प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू, सुपारी आणि चुना घालून खर्रा घोटत असतो. खर्रा नीट घोटला जायला काही मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ गिऱ्हाईक कुठे जाऊ शकत नाही. श्रोतृवर्ग असा आपोआप तयार होतो. लखनौची बोली २० कोटी ७५ लाखांवर थांबते. टपरीवर निर्वाळा मिळतो की एवढा भाव योग्य. दिल्ली आरटीएम कार्ड काढते. टपरीवर दिल्लीचे कौतुक. लिलाव चालवणाऱ्या मल्लिका सागर लखनौला अखेरची किंमत विचारतात. लखनौ एकदम २७ कोटी सांगते, दिल्ली मान हलवून माघार घेते. घोटणारा हातही थांबतो. मग बरणीच्या अलीकडून पहिला अभिप्राय येतो: "येडे झाले काय बे हे?" आणि पलीकडून दुसरा: "मी असतो तं पंचवीसवर थांबलो असतो." पंचवीस कोटींवर थांबणारा हा माणूस त्याच क्षणी खर्ऱ्याचे पैसे उद्या देतो म्हणून सांगत असतो.

टीकाकारांचे काही ठळक प्रकार आहेत. पहिला भाववाला. त्याला खेळाशी फार देणेघेणे नसते. तो रकमेचे रूपांतर करतो. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या हिशेबाने पंतच्या २७ कोटींत सुमारे ५५ हजार क्विंटल सोयाबीन येते. हा आकडा सांगून भाववाला गप्प बसतो आणि ऐकणाऱ्याने हळहळावे अशी अपेक्षा ठेवतो. ऐकणारा शेतकरी असेल तर तो दुसऱ्याच गोष्टीवर हळहळतो: खेळाडूची बोली निदान मूळ किमतीच्या खाली जात नाही, आणि बाजार समितीच्या आवारात त्या हंगामात सोयाबीनचे ढीग हमीभावाच्या खालीच सुटत होते.

दुसरा प्रकार भूमिपुत्रवाल्याचा. त्याच्या दृष्टीने लिलावाचा एकच निकष आहे: विदर्भाचा पोरगा घेतला की नाही. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव, विदर्भातून कसोटी खेळलेला पहिला खेळाडू, या लिलावात विकला गेला नाही, तेव्हा या टीकाकाराने सर्व दहा संघांना एकाच वाक्यात निकालात काढले. कोळशाच्या पट्ट्यात त्या वाक्याला अनुमोदनही लगेच मिळाले. उमेशचे वय तेव्हा सदतीस होते, हा मुद्दा कोणी काढला नाही. वयाचा मुद्दा परक्या खेळाडूंसाठी असतो.

तिसरा आकडेवाला. डावखुऱ्या फिरकीसमोर कोणाचा स्ट्राइक रेट किती, शेवटच्या चार षटकांत कोण किती धावा देतो, हे त्याला तोंडपाठ असते. तो बहुधा महाविद्यालयात शिकतो आणि परीक्षेच्या दिवसांत त्याचे आकडे अधिकच अचूक होतात. चौथा कटवाला. त्याला प्रत्येक व्यवहारामागे दुसरा व्यवहार दिसतो. जेद्दात विल जॅक्सला मुंबईने ५ कोटी २५ लाखांना घेतले, बंगळुरूने आपले आरटीएम कार्ड वापरले नाही आणि आकाश अंबानी उठून बंगळुरूच्या टेबलापाशी जाऊन हात मिळवून आले. हे सर्व कॅमेऱ्यासमोर झाले. कटवाल्याचा आक्षेप नेमका तोच आहे: एवढे उघड केले, म्हणजे खरे काहीतरी झाकले.

पाचवा आणि सर्वांत मोठा वर्ग 'म्या तं आधीच सांगतलं होतं' यांचा. या वाक्याला पुरावा लागत नाही, कारण ज्याला सांगितले होते तो त्या दिवशी नेमका गावी गेलेला असतो.

लिलावापेक्षा अदलाबदल, म्हणजे ट्रेड, ही टीकेला अधिक सुपीक जमीन. लिलाव सगळ्यांसमोर होतो, ट्रेड बंद दाराआड. सुरुवात मात्र साधी होती. २००९ मध्ये मुंबईने रॉबिन उथप्पा बंगळुरूला दिला आणि झहीर खान घेतला. कर्नाटकचा मुलगा कर्नाटकात गेला, श्रीरामपूरचा मुलगा महाराष्ट्रात आला. बदल्यांच्या अर्जात 'सोयीचे ठिकाण' लिहिणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला हा व्यवहार चटकन पटला.

हार्दिक पांड्याचा व्यवहार असा सोपा नव्हता. २०२२ च्या आधी मुंबईनेच त्याला सोडले. गुजरातने त्याला घेऊन कप्तान केले आणि पहिल्याच वर्षी करंडक जिंकला, दुसऱ्या वर्षी अंतिम सामना गाठला. मग नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने त्याला परत आणले. त्याचे १५ कोटी जाहीर झाले, गुजरातला वर काय दिले ते जाहीर झाले नाही. पैशांची सोय करण्यासाठी मुंबईने कॅमेरून ग्रीनला साडेसतरा कोटींवर बंगळुरूला दिले. १५ डिसेंबरला रोहित शर्माच्या जागी हार्दिक कप्तान झाला. घर सोडून गेलेला मुलगा परत येऊन थेट ओसरीवर मुख्य खुर्चीत बसला, असा या घटनेचा अर्थ लावला गेला आणि वानखेडेवरसुद्धा त्याची हुर्यो उडाली. २०२४ चा हंगाम मुंबईने दहाव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर संपवला. टीकाकारांचे सुवर्णयुग ते हेच. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत, चंद्रपूरच्या उन्हात, मुंबईच्या चुकीवर एकमत झाले नाही असा कट्टा सापडणे कठीण होते.

मग २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या, चेंडू हार्दिकच्या हातात होता. पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला आणि भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. वरोऱ्यातही मतपरिवर्तन झाले, पण कोणी मत बदलल्याचे कबूल केल्याची नोंद नाही. नव्या मांडणीनुसार हार्दिक पहिल्यापासून चांगलाच होता, चूक फक्त मुंबईची होती. ती नेमकी कोणती, यावर संशोधन चालू आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये याहून मोठी उलथापालथ झाली. राजस्थानने आपला कप्तान संजू सॅमसन चेन्नईला दिला आणि बदल्यात रवींद्र जडेजा व सॅम करन घेतले. संजू १८ कोटींवर गेला, जडेजाची किंमत १८ वरून १४ वर आली. महाराष्ट्रातल्या वाचकाला कालचा कप्तान आज समोरच्या बाजूला का बसला, हे समजावून सांगावे लागत नाही. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत त्याचे पुरेसे शिक्षण मुंबईतच, क्रिकेटच्या मैदानाबाहेर झालेले होते. चेन्नईचा वरोऱ्यातला गट मात्र आठवडाभर सुतकात होता. जडेजा गेल्याचे दुःख आणि संजू आल्याचा आनंद एकाच चेहऱ्यावर दाखवण्याची पद्धत अजून विकसित झालेली नाही.

निकालांची छाननी केली, तर एक गोष्ट वारंवार दिसते. टीकाकार चुकतात, पण व्यवस्थापनही तितकेच चुकते, आणि दोघांनाही काही वेळा चुकून यश मिळते. डिसेंबर २०२३ च्या दुबईतल्या लिलावात पंजाबने शशांक सिंहला २० लाखांना घेतले आणि हातोडा पडल्यावर त्यांच्या टेबलावर गोंधळ उडाला. हा नकोच होता, असा सूर निघाला. पण व्यवहार पक्का झालेला होता. सगळ्या देशाने पंजाबची टिंगल केली. ४ एप्रिल २०२४ रोजी अहमदाबादला गुजरातविरुद्ध शशांकने २९ चेंडूंत नाबाद ६१ धावा करून हरलेला सामना जिंकून दिला. पुढल्या हंगामासाठी पंजाबने त्याला साडेपाच कोटींना राखले. संघाने सर्वांत हुशार खरेदी अजाणता करावी, यासाठी व्यवस्थापनशास्त्रात वेगळा धडा हवा.

त्याच दुबईत कोलकात्याने मिचेल स्टार्कला २४ कोटी ७५ लाख दिले. पहिल्या दोन सामन्यांत त्याने शंभर धावा दिल्या आणि बळी एकही घेतला नाही. टीकाकारांनी कोलकात्याचे दिवाळे जाहीर केले. मे महिन्यात त्याच स्टार्कने क्वालिफायर आणि अंतिम सामना, दोन्हींत सामनावीर होऊन करंडक आणून दिला. तेव्हा पैसे वसूल झाल्याचे जाहीर झाले. नंतर कोलकात्याने त्याला सोडले आणि तो दिल्लीला ११ कोटी ७५ लाखांत गेला. आता कोलकात्याला स्टार्क सोडल्याबद्दल दोष देता आला. एकाच खेळाडूवर तीन वेळा मत देऊन तिन्ही वेळा बरोबर ठरण्याची सोय अन्य कोणत्याही व्यवसायात नाही.

विदर्भापुरता सर्वांत गोड निकाल २७ मे २०२५ चा आहे. लखनौत पंतने नाबाद ११८ धावा केल्या. त्याआधी सगळ्या हंगामात मिळून त्याच्या १५१ धावा होत्या, त्यामुळे २७ कोटींचा राग थोडा निवळला. पण बंगळुरूने २२८ धावांचे लक्ष्य गाठले आणि ते गाठून देणारा होता अमरावतीचा जितेश शर्मा: ३३ चेंडूंत नाबाद ८५, त्या दिवशी कप्तानही तोच. ११ कोटींचा विदर्भकर २७ कोटींच्या दिल्लीकराला भारी पडला, ही बातमी वरोऱ्यात भाववाला आणि भूमिपुत्रवाला यांना एकत्र आणणारी ठरली. असा योग क्वचित येतो. मुंबईवाल्यांच्या जखमेवर मीठही पडले, कारण जितेश २०१६ मध्ये मुंबईच्याच ताफ्यात होता आणि एकही सामना न खेळता बाहेर पडला होता.

या सर्व प्रकाराची शास्त्रीय कारणे उपलब्ध आहेत. १९७१ मध्ये एका तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी दाखवून दिले की समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या लिलावात जो जिंकतो तो बहुधा जास्त पैसे देऊन बसतो, कारण किंमत सर्वांत फुगवून धरणाराच बोली जिंकतो. म्हणजे 'याले जास्त पैसे देल्ले' हे वाक्य कोणत्याही लिलावानंतर डोळे मिटून म्हणता येते आणि ते बऱ्याचदा खरे निघते. अमेरिकन फुटबॉलच्या निवडींचा अभ्यास केड मॅसी आणि पुढे नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर यांनी केला. पहिल्या पाळीसाठी संघ नको तितकी किंमत मोजतात आणि थोडे मागून, स्वस्तात मिळणारे खेळाडू पैशांच्या मानाने अधिक कामाचे ठरतात, असे त्यांना आढळले. शिकले-सवरलेले तज्ज्ञ, दुर्बिणी लावून बसलेले निरीक्षक, तरी आधी निवडलेला गडी नंतरच्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता नाणेफेकीहून थोडीच बरी.

मग टीकाकार आपल्या मताबद्दल इतका निश्चिंत कसा असतो? याचेही उत्तर मिळालेले आहे. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाला जाणार होते. रूथ बेथ आणि बारूख फिशहॉफ या संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून या दौऱ्यांत काय घडेल याचे अंदाज लिहून घेतले. दौरे झाल्यावर त्याच विद्यार्थ्यांना आपले जुने अंदाज आठवायला सांगितले. जे घडले ते आपण आधीच बऱ्यापैकी ओळखले होते, असे बहुतेकांना आठवू लागले. ते खोटे बोलत नव्हते. त्यांची स्मृती निकाल पाहून नव्याने लिहिली गेली होती. वरोऱ्याचा टीकाकारही खोटे बोलत नाही. त्याने खरोखरच आधी सांगितले होते, असे त्याला खरोखरच आठवते.

वरोऱ्यासारख्या गावात आणखी एक कारण आहे, आणि ते पुस्तकात सापडत नाही. बोली म्हणजे काय, हे इथल्या माणसाला टीव्हीवरून शिकावे लागत नाही. बाजार समितीत ढिगासमोर उभा राहून, अडत्याचा चेहरा बघत, भाव चढताना आणि थांबताना त्याने अनेकदा पाहिलेला असतो. २०२१-२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. ज्यांनी आधी विकला ते हळहळले. पुढच्या वर्षी पुष्कळांनी शहाणपण करून कापूस घरात ठेवला. खोल्या भरल्या, बायकापोरांच्या अंगाला खाज सुटली आणि भाव खाली आला. विकला तेव्हा चुकले, ठेवला तेव्हाही चुकले. याचे खापर मात्र कोणी स्वतःच्या अकलेवर फोडले नाही. भाव पडला, सरकारने आयात केली, व्यापाऱ्यांनी संगनमत केले, ही कारणे पुरेशी होती आणि काही अंशी खरीही होती. तोच माणूस मुंबईने ग्रीन विकला तेव्हा बाजाराचा विचार करत नाही. कापूस पडला की बाजार पडतो, मुंबई पडली की अक्कल नसते. या विद्येचे सगळे शास्त्र या एका फरकात आले.

म्हणूनच हिचा उपयोगही मोठा आहे. स्वतःच्या व्यवहारात निर्णय घेणाऱ्याला नफातोटा भोगावा लागतो, इथे भोगणारे दुसरे असतात. जेद्दात दोन दिवसांत १८२ खेळाडूंवर ६३९ कोटी १५ लाख रुपये खर्च झाले, त्यांतला एक रुपयाही वरोऱ्याचा नव्हता. तरीही प्रत्येक रुपयावर वरोऱ्याने मत दिले. पैसे बुडण्याची भीती नसताना पैशांबद्दल बोलायला मिळणे, हे सुख कापसाच्या पट्ट्यात सहज मिळत नाही. १६ डिसेंबर २०२५ रोजी अबूधाबीत मुंबई केवळ २ कोटी ७५ लाख घेऊन बसली आणि तोच ग्रीन कोलकात्याला २५ कोटी २० लाखांत गेला. तेव्हाही मुंबईने त्याला परत घ्यायला हवे होते, असे मत टपरीवर दणक्यात मांडले गेले. थैलीचा आकडा कळल्यावरही ते मागे घेतले गेले नाही.

या विद्येची परीक्षा घेणे अवघड नाही. लिलावाच्या आदल्या दिवशी प्रत्येक टीकाकाराने कोण किती कोटींना जाईल आणि मे अखेर कोण काय करून दाखवेल, एवढे दोन ओळींत तारीख घालून लिहायचे आणि खाली सही करायची. लागणारे साहित्य प्रत्येक टपरीवर आहे, कारण उधारीची वही आणि दोरीला बांधलेले पेन तिथे असतेच. त्या वहीत पैसे लिहिले जातात, कारण घेणारा नंतर नाकारेल अशी भीती असते. अंदाज लिहिले जात नाहीत, त्याचे कारणही तेच.